नाव न सांगता मदत करून गेलेल्यांना थँक्यू

आमच्या बालगृहात मी दर शनिवार-रविवार जाते, आणि बरेच दिवस हे लिहायचं राहूनच जात होतं. परवा मोटर जळाली, पोरींच्या अंघोळी राहिल्या, संध्याकाळच्या उपासनेला सगळ्या केस न धुता बसलेल्या, आणि साडेसातला गेटवर पाण्याचा टँकर! कुणी पाठवला विचारलं तर ड्रायव्हरदादा म्हणाले, ताई मला फक्त पत्ता दिलाय, पैसे मिळालेत.

मग अशी एकेक माणसं आठवायला लागली. दर महिन्याला ज्वारीचं पोतं ठेवून जाणारे काका. सुट्टीच्या दिवशी येऊन पंचवीस डोक्यातल्या उवा काढणाऱ्या मावशी (हे काम करायला कोणी तयार नसतं हो, वाढदिवसाचा केक कापायला मात्र रांग लागते). आणि अपूर्णांक भाकरीचे तुकडे करून शिकवणारा तो कॉलेजचा मुलगा, ती भाकरी नंतर पोरांनीच खाल्ली म्हणा.

पोरांचे फोटो का टाकत नाही असं विचारू नका, 2015 च्या बाल न्याय कायद्यात त्यांची ओळख उघड करायला बंदी आहे.

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून बायका-पोरी आणल्या, त्यांना केडगावात आसरा दिला. त्यांचं नाव सगळ्यांना माहितीय, पण तेव्हाही भाकऱ्या थापणारे, पाणी भरणारे हात असणारच ना, त्यांची नावं कुठंयत?

तर टँकरवाल्या अनोळखी माणसा, मनापासून थँक्यू. मोटर दुरुस्त झालीय, पोरींचे केस धुवून झालेत, उवा अजून आहेत.