गुलामगिरीचा अंत आणि '१८६३' हे उत्तर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील सामान्यज्ञानाच्या सदरात 'अमेरिकेतील गुलामगिरी कोणी व केव्हा संपवली?' या प्रश्नाचे उत्तर 'अब्राहम लिंकन, १८६३' असे छापून आले आहे. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांतही हेच उत्तर वर्षानुवर्षे दिले जाते आणि मुले ते निमूटपणे पाठ करतात. लिंकन यांच्याविषयी मनात नितांत आदर बाळगूनच मी हे लिहीत आहे. पण हे उत्तर बरोबर नाही आणि ते दुरुस्त व्हावे असे मला कळकळीने वाटते.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी ज्यावर सही केली तो कायदा नव्हता, तर अध्यक्ष व सरसेनापती या नात्याने अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात काढलेला जाहीरनामा होता. संघराज्यातून फुटून बंड करून उठलेल्या दक्षिणेकडील राज्यांतील गुलाम यापुढे मुक्त समजले जातील, एवढीच त्याची व्याप्ती होती. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी या चार राज्यांत गुलामगिरी होती, परंतु ही राज्ये संघराज्याशी एकनिष्ठ राहिली होती, म्हणून जाहीरनामा त्यांना लागू नव्हता. टेनेसी, न्यू ऑर्लिन्स शहर आणि पुढे वेस्ट व्हर्जिनिया म्हणून वेगळे झालेले जिल्हेही त्यातून वगळले होते. याचे कारण अध्यक्षांच्या मनातील कचखाऊपणा नव्हे. राज्यांतर्गत गुलामगिरीला हात घालण्याचा अधिकार राज्यघटनेने अध्यक्षाला दिलेलाच नव्हता. शत्रूचे बळ तोडण्याचा युद्धाधिकार मात्र होता आणि लिंकन त्या अधिकाराच्या चौकटीत राहिले. त्या दिवशी सकाळपासून नववर्षाच्या समारंभात शेकडो लोकांशी हस्तांदोलन करून त्यांचा हात बधिर झाला होता. सही करताना हात कापला तर लोक म्हणतील की अध्यक्ष कचरले, या विचाराने त्यांनी क्षणभर लेखणी खाली ठेवली आणि मग सावकाश, ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहिले.

आता याच्या नेमके उलट विधान समाजमाध्यमांवर फिरते, की या जाहीरनाम्याने एकही गुलाम मुक्त झाला नाही. तेही खोटे आहे. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील पोर्ट रॉयल बेटावर संघराज्याचे सैन्य होते आणि तो भाग वगळलेला नव्हता. तेथे त्याच दिवशी जमलेल्या हजारो लोकांसमोर जाहीरनामा वाचून दाखवण्यात आला आणि ते वाचन ऐकणारे लोक कायद्याच्या दृष्टीने त्या घटकेपासून स्वतंत्र झाले. सैन्य जसजसे दक्षिणेत सरकत गेले तसतशी मुक्ती त्याच्या पावलांबरोबर पुढे गेली. कृष्णवर्णीयांना सैन्यभरतीची दारे उघडली गेली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० जण संघराज्याच्या फौजेत लढले. परराष्ट्र धोरणावरही त्याचा परिणाम झाला. दक्षिणेच्या कापसावर इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या चालत असल्याने ब्रिटन बंडखोरांना मान्यता देईल अशी धास्ती लिंकन यांच्या सरकारला होती. युद्ध गुलामगिरीविरुद्ध आहे असे जाहीर झाल्यावर ब्रिटिश सरकारला ते पाऊल उचलणे फार अवघड झाले. (युद्धामुळे पडलेल्या कापूसटंचाईने मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच तो ओसरून अनेक पेढ्या बुडाल्या, हे आपल्याकडील जाणत्या वाचकांना ठाऊक असेलच.)

गुलामगिरी देशभर कायमची संपली ती अमेरिकेच्या राज्यघटनेतील १३ व्या दुरुस्तीने. काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, वरिष्ठ सभागृहाने (सिनेटने) ती एप्रिल १८६४ मध्ये संमत केली, पण कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, त्याच वर्षी जूनमध्ये ती दोन तृतीयांश मतांअभावी फेटाळली गेली. लिंकन यांनी मतांसाठी जिवाचे रान केले तेव्हा कुठे ३१ जानेवारी १८६५ रोजी ११९ विरुद्ध ५६ अशा मतांनी ती पार पडली. त्यानंतरही राज्यांची मान्यता हवी होती. तेव्हाच्या ३६ राज्यांपैकी तीन चतुर्थांश, म्हणजे २७ राज्यांचा होकार ६ डिसेंबर १८६५ रोजी पूर्ण झाला. तोपर्यंत लिंकन यांची हत्या होऊन जवळजवळ आठ महिने लोटले होते. मेरीलँड आणि मिसुरी यांनी आधीच आपापल्या पातळीवर गुलामगिरी रद्द केली होती. परंतु केंटकी आणि डेलावेअर येथील गुलाम कायद्याने मुक्त झाले ते या डिसेंबरमध्ये. १९ जून हा आज अमेरिकेत मुक्तिदिन म्हणून पाळला जातो, कारण १८६५ साली त्या दिवशी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथे मुक्तीचा लष्करी आदेश जाहीर झाला. मात्र त्या दिवशीही केंटकी आणि डेलावेअरमध्ये माणसे मालकीची होती. केंटकीच्या विधिमंडळाने या दुरुस्तीला मान्यता दिली ती थेट १९७६ मध्ये आणि मिसिसिपीने १९९५ मध्ये.

महाराष्ट्रातील वाचकांना तर हा फरक आपलाच वाटायला हवा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो एकट्या अध्यक्षाला नव्हे, तर युनायटेड स्टेट्समधील सदाचारी लोकांना, त्यांच्या औदार्याची आणि परोपकारबुद्धीची आठवण म्हणून. लिंकन यांचे कर्तृत्व जगभर गाजत असताना जोतीरावांची नजर त्या लोकांच्या त्यागावर गेली, हे मला फार मोलाचे वाटते. आपण मात्र दीडशे वर्षांनंतर मुलांना एक नाव आणि एक साल देऊन मोकळे होतो. त्यात पळून येऊन गणवेश चढवणारे गुलाम नाहीत, कॉंग्रेसमधील मतदान नाही आणि राज्यांची विधिमंडळेही नाहीत.

म्हणून विनंती अशी, की पुढील अंकात या उत्तराची दुरुस्ती '१३ वी घटनादुरुस्ती, डिसेंबर १८६५' अशी ठळकपणे छापावी आणि १८६३ च्या जाहीरनाम्यावर स्वतंत्र प्रश्न द्यावा. जागा असल्यास आणखी एक प्रश्न सुचवतो: या दुरुस्तीला २७ वा, म्हणजे निर्णायक होकार कोणत्या राज्याने दिला? उत्तर आहे जॉर्जिया, जे राज्य चार वर्षे संघराज्याविरुद्ध लढले होते.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा