तिसरा डोस आणि टायटर

चि. मृणाल हिस,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहितो. हिपॅटायटिस बीच्या लसीचे दोन डोस झाले, तिसरा परीक्षेच्या गडबडीत राहिला, आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल का, हा तुझा प्रश्न. नाही. ०, १ आणि ६ महिने हा क्रम ठरलेला असला, तरी उशीर झाला म्हणून आधीचे डोस वाया जात नाहीत. राहिलेला डोस घ्यायचा आणि कोर्स पुरा करायचा. घाई मात्र चालत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्यात किमान आठ आठवडे हवेतच.

पण दोन झालेत म्हणजे बरंच झालं, असं समजून वॉर्डात फिरू नकोस. पहिल्या दोन डोसांनी शरीराला विषाणूची ओळख होते. मध्ये चांगला अवकाश देऊन तिसरा दिला की प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं, एकदम उसळतात आणि टिकतात. तुझ्या वयाच्या धडधाकट माणसांत तिसऱ्यानंतर शंभरातल्या नव्वदाहून जास्त जणांना संरक्षण मिळतं. चाळिशीनंतर हे प्रमाण घसरत जातं. धूम्रपान, लठ्ठपणा, मधुमेह असेल तर आणखी. आमच्या लॅबमधल्या विडी ओढणाऱ्या एका काकांचं टायटर, म्हणजे रक्तातल्या या प्रतिपिंडांचं प्रमाण, तिन्ही डोसांनंतरही पुरेसं आलं नव्हतं. दुसरा पूर्ण कोर्स केला तेव्हा कुठे आलं.

म्हणूनच सांगतो, तिसऱ्यानंतर एक ते दोन महिन्यांत टायटर कर. मिलीलिटरमागे १० मिलीयुनिट किंवा जास्त आलं की जिंकलीस. पुढे काही वर्षांनी हा आकडा १० च्या खाली गेला तरी घाबरायचं नाही, कारण धडधाकट माणसात पेशींची आठवण शाबूत राहते आणि बूस्टर लागत नाही. पण वेळेत तपासलंच नाहीस आणि पाच वर्षांनी रुग्णाची सुई टोचल्यावर आकडा कमी दिसला, तर तो उतरलाय की मुळात आलाच नव्हता, हे कोण सांगणार?

चिठ्ठीवर ‘अँटी-एचबीएस टायटर’ असं स्पष्ट लिहून घे; अँटी-एचबीएस म्हणजे हीच प्रतिपिंडं. नुसतं ‘हिपॅटायटिस बी’ लिहिलं की टेक्निशियन एचबीएसएजीची, म्हणजे खुद्द विषाणूचा अंश शोधणारी, पट्टी लावून ‘निगेटिव्ह’ देतो आणि मुलं खूश होऊन जातात. त्या चाचणीतून संसर्ग नाही एवढंच कळतं, संरक्षण आहे का ते नाही. अशा चिठ्ठ्या मी रोज परत पाठवतो.

इंजेक्शन दंडातच घे. कुल्ल्यावर दिलं तर लस चरबीत अडकून प्रतिसाद कमी येतो. कुपी हलवल्यावर पाणी एकसारखं पांढुरकं, गढूळ दिसायला हवं. हलवून ठेवल्यावर गाळ भराभर तळाशी बसत असेल तर ती कुपी फ्रीजमध्ये गोठलेली असू शकते, दुसरी माग. गोठलेली लस उपयोगाची नसते. सिस्टर रागावल्या तर रागावू देत.

तुमच्या बॅचमधल्या सगळ्यांनाच लहानपणी ही लस मिळाली असेल असं धरू नका. सरकारी कार्यक्रमात ती देशभर पोचली २०११ च्या सुमारास. तुझ्या खोलीतल्या मुलींची कार्डं बघ. हा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो, आणि सुई टोचून एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज लागतो.

रिपोर्ट आला की मला आकडा कळव. नुसतं ‘नॉर्मल आहे’ नको.

तुझा,
बाबा