दुसऱ्याच्या रानातली सार्वजनिक वाट

बेल्पर, डर्बीशायर
१५ जून २०२५

ती. आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गव्हाच्या रानातला आमचा फोटो पाहून तुम्ही फोनवर विचारलंत, की उभ्या पिकातून बिनदिक्कत चाललाय, रानाचा मालक काही बोलत नाही का. तेवढ्यात मुलांनी फोन हिसकावून घेतला आणि विषय तिथंच राहिला. पण उभा जन्म तलाठी सज्जात काढलेल्या माणसाची या प्रश्नावर दोन वाक्यांत बोळवण करणं बरं नव्हे, म्हणून सविस्तर लिहिते.

मालक बोलत नाही, कारण तसा त्याला अधिकारच नाही. जमीन त्याची, पीक त्याचं, पण त्यातून जाणारी वाट सार्वजनिक. कायद्यानं तिला मोटारीच्या रस्त्याइतकंच संरक्षण आहे, फक्त तिच्यावरून पायीच जायचं. फोटोत गव्हाच्या मधून जी मोकळी पट्टी दिसते, ती लोकांनी पीक तुडवून पाडलेली नाही, शेतकऱ्यानं स्वतः राखलेली आहे. वाट रानाच्या मधून जात असेल आणि ती चुकवून नांगरणं अडचणीचं असेल, तर त्याला ती नांगरायची मुभा आहे. मात्र पेरणीसाठी पहिल्यांदा माती हलवली की १४ दिवसांत, आणि त्यानंतर पुन्हा हलवली तर २४ तासांत, ती दाबून सपाट करून, कुठून जाते ते दिसेल अशी करून द्यायची. पायवाट निदान १ मीटर रुंद, घोडेवाट २ मीटर. आणि वाट बांधाच्या कडेनं असेल तर तिला नांगर लावायचाच नाही. तिथं पायवाटेला दीड मीटर, घोडेवाटेला ३ मीटर सोडायचे. दरवर्षी वीतभर बांध कोरत वाट गिळायला इथं जागाच ठेवलेली नाही. हे वाचताना तुम्हाला आपल्या शिवारातले कोणते गट नंबर आठवतील, ते मला इथं बसून कळतंय.

हे सगळं एका नकाशावर उभं आहे. त्याला ‘डेफिनिटिव्ह मॅप’ म्हणतात. १९४९ साली कायदा झाला आणि काउंटी कौन्सिलांवर, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदांवर, हद्दीतली प्रत्येक सार्वजनिक वाट नकाशावर आणायची जबाबदारी आली. गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतींनी, वाटा चालून माहिती भरून दिली. आधी कच्चा नकाशा, त्यावर हरकती, सुनावण्या, मग पक्का. प्रत्येक वाटेला पॅरिशचं नाव आणि क्रमांक, आणि सोबत लेखी नोंद: वाट कुठून निघते, कुठं मिळते, काही ठिकाणी रुंदी किती. आमच्या काउंटीचं मुख्यालय मॅटलॉकला आहे. (ती इमारत पूर्वी पाण्याच्या उपचारांचं मोठं आरोग्यधाम होती, डोंगरउतारावर आहे, तुम्ही आलात की बाहेरून दाखवीन.) नकाशा कुणालाही पाहता येतो, आणि त्यावर वाट असली की तो निर्णायक पुरावा, कोर्टात त्यावर वाद नाही. चालणारं कुणी उरलं नाही तरी हक्क बुडत नाही. वाट बंद करायची किंवा वळवायची तर रीतसर आदेश काढायचा, नोटीस खुद्द वाटेवर लावायची, आणि हरकत आली तर सरकारी इन्स्पेक्टरसमोर प्रकरण जातं. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे १ लाख ४० हजार मैल भरतात.

पण गाव नकाशा तर आपल्याकडेही आहे. त्यावर तुटक रेषांनी गाडीवाट दाखवलेली आहे, पायवाट दाखवलेली आहे. मग रेषा नकाशावर असून पाणंद रानात का सापडत नाही, हा प्रश्न मला इथं आल्यापासून छळतो. त्याचं उत्तर गेल्या ऑगस्टात मिळालं असं मला वाटतं.

आमच्या घरामागून एक वाट नदीकडे उतरते. वरच्या रानात त्या साली मका होता, मुरघासाचा. ऑगस्टात तो डोक्यावर गेला आणि वाट पार दिसेनाशी झाली. कुंपणापाशी पिवळ्या बाणाची खूण तेवढी होती, आणि बाणासमोर मक्याची भिंत. मी कौन्सिलच्या संकेतस्थळावर जाऊन नकाशावर नेमक्या जागी बोट ठेवलं, दोन फोटो जोडले, तक्रार पाठवली. काही दिवसांनी वाटांच्या खात्याच्या अधिकारी बाईंचा फोन आला, की जागा दाखवायला येता का. मी गेले. बाईंच्या पायात चिखलाचे बूट, हातात टेप आणि पक्क्या नकाशाचा छापील तुकडा. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा नेमकी कशी जाते ते त्यांनी आधी पाहिलं, मग आत शिरून कुठं किती पीक आहे ते मोजलं, फोटो काढले, टिपून घेतलं. आबा, तो पंचनामाच होता. फक्त पंच नव्हते आणि चहा नव्हता. मग शेतकऱ्याला आधी फोन, मग पत्र: अमुक दिवसांत वाट मोकळी करा, नाहीतर आम्ही करू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. पुढच्या आठवड्यात मक्यातून ट्रॅक्टरनं सरळ पट्टा काढलेला होता.

त्या पत्रात माझं नाव कुठंच नव्हतं. शेतकरी आजही मला बाजारात भेटतो, पावसापाण्याचं बोलतो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. १९८० च्या हायवेज ॲक्टनं लोकांच्या वहिवाटीचा हक्क सांगणं आणि राखणं हे कौन्सिलचं कर्तव्य ठरवलंय. ‘करता येईल’ असं नाही, करायचंच. त्यामुळे वाट अडली की तंटा माझा आणि शेतकऱ्याचा होत नाही. आपल्याकडे ज्याची वाट अडते त्यानंच तहसीलदाराकडे मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली दावा लावायचा, त्यानंच वकील गाठायचा, तारखांना जायचं, आणि निकाल लागेपर्यंत बांधाला बांध असलेल्या भावकीशी वैर घ्यायचं. कायदा १९०६ पासून आहे, तुम्हीच मला तो शिकवलात. पण शेजाऱ्यावर दावा लावायला कोण धजतो? आपल्या शिवारातला माणूस गप्प बसतो आणि दुसऱ्याच्या उसातून डोक्यावर भारा घेऊन वाकडी वाट करतो. पाणंदीचं रक्षण जोवर एकट्या अडलेल्या माणसावर आहे, तोवर ती बुजतच राहणार, असं माझं ठाम मत झालंय.

आता देखभालीचं सांगते, कारण तुम्ही तेही विचारणारच. कामाची वाटणी स्पष्ट आहे. वाटेचा पृष्ठभाग कौन्सिलचा. त्यावर उगवलेलं गवत, खाजकुइलीसारखी अंगाला लागणारी नेटल, काटेरी ब्रॅम्बल, हे उन्हाळ्यात कापणं कौन्सिलचं. पण बाजूच्या कुंपणाची फांदी वाटेवर आली तर ती छाटणं जमीनमालकाचं. डांबरी रस्त्यावरून वाट जिथं फुटते तिथं दिशेची पाटी कौन्सिलनं लावायची, हे १९६८ च्या कायद्यानं सांगितलंय. ओढ्यावरचे साकव बहुधा कौन्सिलकडेच. फळ्यांवर शेवाळ धरून पाय सरकू नये म्हणून त्यावर बारीक जाळी ठोकतात. गुरं अडवायला वाटेवर ठेवलेली फाटकं आणि कुंपण ओलांडायच्या पायऱ्या मात्र मालकानं सांभाळायच्या, आणि त्या खर्चाचा निदान चौथा हिस्सा कौन्सिलनं द्यायचा. मालकावरचा बोजा असा थोडा उचलला की तोही फारशी कुरकुर न करता दुरुस्ती करतो.

ही फाटकं तुम्ही पाहायला हवीत. आमच्या भागात रानांना चुन्यावाचून रचलेले दगडी गडगे आहेत. त्यांत जुन्या लोकांनी दोन उभे चिरे असे बसवलेत, की मध्ये माणसाच्या पायापुरती फट राहते. वर थोडी रुंद, खाली अरुंद. माणूस तिरका होऊन निघून जातो, मेंढी अडकते म्हणून जातच नाही. कित्येक चिरे माणसांच्या मांड्या घासून गुळगुळीत झालेत. शिवाय ‘किसिंग गेट’ नावाचं फाटक असतं: अर्धगोल कठड्यात एक झडप, आपण आत शिरायचं, झडप पलीकडे ढकलायची, बाहेर पडायचं. उघडं राहायचा प्रश्नच नाही.

घोडेवाटांचं, म्हणजे ब्रायडलवेचं, गणित निराळं. तिथं पायऱ्या किंवा अरुंद फट चालत नाही. फाटक ५ फुटांपेक्षा अरुंद ठेवायचं नाही. अनेक फाटकांना वर उंच दांडा असतो, म्हणजे घोड्यावरून न उतरता खटका ओढता येतो. पावसाळी हवेत टापांनी माती कालवली जाते, तेव्हा निचऱ्याचे चर आणि खडी लागते. पण धारदार खडी टाकली तर घोड्याचे पाय दुखावतात, म्हणून तीही बेतानं निवडतात. १९६८ पासून या वाटांवर सायकललाही मुभा आहे, मात्र सायकलवाल्यानं चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचं. खुणांचे रंगही ठरलेले: पायवाटेला पिवळा बाण, घोडेवाटेला निळा. धाकटा आता रंग पाहून ओरडून सांगतो, आई, इथं घोडा येणार.

सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. देशभरच कौन्सिलांकडे पैसा तोकडा आहे, आणि वृद्धांची सेवा, मुलांची काळजी यांपुढे पायवाट मागे पडते, हे मला कळतं. म्हणून दुरुस्त्यांचा क्रम लावतात: साकव मोडून जीव जायची भीती असेल तर आधी, दिशेची पाटी पडली असेल तर मग. ही तूट भरून काढायला गावातली माणसं पुढे येतात. मीही जमेल त्या शनिवारी जाते. विळे, कात्र्या, एक कुदळ, थर्मासमधला चहा. बहुतेक निवृत्त मंडळी, तुमच्या वयाची. खांब रोवताना त्यांना मातीचा पोत हातानं कळतो. अशा वेळी तुमची फार आठवण येते.

नकाशावर यायच्या राहिलेल्या जुन्या वाटांचं काम तर थेट तुमच्या आवडीचं. लोक एखाद्या वाटेनं २० वर्षं उघडपणे, दांडगाई न करता आणि कुणाची परवानगी न मागता जात असतील, तर मालकानं ती सार्वजनिक केली असं कायदा गृहीत धरतो. कौन्सिलकडे अर्ज करायचा, आणि चालणाऱ्यांनी लेखी सांगायचं: मी अमुक सालापासून या वाटेनं शाळेत जात होते, फाटकाला कधी कुलूप नव्हतं. त्याखेरीज जुने कागद धुंडाळतात: सामायिक गायरानं वाटली तेव्हाचे निवाडे, चर्चच्या धर्मकराचे नकाशे, १९१० च्या जमीन मूल्यांकनाचे नकाशे, ज्यांत सार्वजनिक रस्ता बहुधा न रंगवता सोडलेला असतो. अशा वाटा कागदांच्या आधारे नोंदवायला २००० सालच्या कायद्यानं २०२६ ची मुदत घातली होती, ती पुढे २०३१ केली, आणि गेल्या डिसेंबरात सरकारनं ती मुदतच काढून टाकणार असं जाहीर केलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला. कागद उशिरा सापडला म्हणून लोकांचा हक्क का बुडावा?

आणि हे काही कुणी आपणहून दिलेलं नाही. आमच्याच काउंटीत किंडर स्काउट नावाचं पठार आहे, तिथं शिकारीसाठी राखलेल्या जमिनीवर लोकांना पाय ठेवू देत नसत. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरच्या बाजूचे शेकडो कामगार तरुण हेफील्ड गावातून ती मनाई धुडकावून वर चढले. पाच जण तुरुंगात गेले. १९४९ चा कायदा व्हायला त्यानंतर १७ वर्षं लागली.

आता माझी एक मागणी. शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायचा शासन निर्णय निघालाय असं दादानं कळवलं. तुमच्याइतका गाव नकाशा वाचणारा माणूस आज गावात नाही. मळ्याकडची पाणंद, ओढ्यापलीकडचा शिवरस्ता, आणि देवळामागून शाळेकडे जाणारी पायवाट, या तिन्हींचा नकाशा भूमी अभिलेखातून काढून घ्या. अर्ज कुणा एकाच्या नावानं नको, ग्रामसभेचा ठराव करून द्या. म्हणजे कुणाला कुणाशी वाईटपणा घ्यावा लागणार नाही आणि मोजणीही गावाच्या नावानं होईल. नकाशाचा फोटो मलाही पाठवा.

सप्टेंबरात याल तेव्हा आईच्या गुडघ्याची काळजी नको. फळ्यांवर पाय देऊन कुंपण ओलांडायच्या वाटा मी वगळल्या आहेत. बेकवेलजवळ जुन्या रेल्वेमार्गावर केलेली मोन्सल ट्रेल सपाट आहे, बोगद्यांतून जाते, दिवे आहेत, बसायला बाकं आहेत. तुमच्यासाठी वेगळी वाट काढून ठेवलीय, चिऱ्यांच्या फटींची. बूट तिकडूनच घ्या, घोट्याच्या वर येणारे, आणि महिनाभर आधी घालून मऊ करून आणा.

ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली,
धाकटी