फ्रान्सच्या संस्कृतीमंत्र्यांना खुलं पत्र: गाणी गृहखात्याकडे का जातात?

मंत्री महोदय,

पत्र मराठीत लिहितेय, कारण फ्रेंचमधे तक्रार लिहायला बसले की मी अजून क्रियापदंच तपासत बसते आणि तोवर राग निघून जातो. नऊ वर्षं झाली पॅरिसला लागून असलेल्या सँ-दनीत राहतेय.

शेजारी एक अठरा वर्षांचा पोरगा आहे, आजोबा अल्जेरियातून मजुरीला आलेले. एकदा लिफ्टमधे मी त्याला 'बर' म्हटलं तर खो खो हसला. म्हणे मादाम, हा तर माझ्या बापाचा शब्द! इथे जन्मलेल्या अरब घरातल्या पोरांसाठी अराब उलटं करून 'बर' झालं, मग ते पेपर-टीव्हीवाल्यांनी उचललं, मग पोरांनी तेही परत उलटं करून 'रबो' केलं. म्हणजे स्वतःचं नाव दोनदा उलटं फिरवलं, तरी लोक विचारतात तू मूळचा कुठला. मूळचा इथलाच की, याच दवाखान्यात जन्मलेला!

तुमच्या खुर्चीत आधी जॅक लांग बसायचे ना. 1986 मधे नागरिकत्वाच्या कायद्यावरून वाद पेटला होता, परदेशी आईबापांच्या इथे जन्मलेल्या पोरांनी नागरिकत्व मागून घ्यावं असं सरकारचं म्हणणं. तेव्हा गायक रशीद ताहाच्या लिआँ शहरातल्या बँडने 'दूस फ्रान्स' हे शार्ल त्रने यांचं जुनं लाडकं गाणं अरबी वळणाने गायलं. बँडचं नाव 'कार्त द सेजूर', म्हणजे राहण्याचा परवाना (प्रीफेक्चरच्या, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी ऑफिसच्या रांगेत उभं राहिलेल्याला हा जोक लगेच कळतो). आणि लांग साहेबांनी, तेव्हा मंत्रीपद गेलेलं होतं तरी, ती रेकॉर्ड संसदेत खासदारांना वाटली!

आता पुढचं बघा. 2002 मधे 'ला रुमर' या रॅप ग्रुपच्या हामेने पोलिसांच्या हातून मेलेल्या पोरांबद्दल एक लेख लिहिला, गाणं पण नाही, लेख, तर गृहखात्याने बदनामीची केस ठोकली. तो सुटला, मग अपील, परत सुटला, परत वरचं कोर्ट, असं करत करत 2010 उजाडलं तेव्हा कुठे कायमचा सुटला. आठ वर्षं! 2005 मधे क्लिशी-सू-ब्वात पोलिसांपासून पळताना 17 आणि 15 वर्षांची दोन पोरं विजेच्या सबस्टेशनमधे मेली, उपनगरं पेटली, आणि 200 च्या आसपास खासदारांनी न्यायमंत्र्यांकडे मागणी काय केली तर यांची गाणी पोरांना भडकवतात, रॅपर्सवर खटले भरा.

मेदीन नावाच्या रॅपरचं सगळं मला पटतं असं नाही हं. 2023 ला एका लेखिकेच्या आडनावावर त्याने केलेली कोटी घाणेरडीच होती, माफी मागितली ते बरं केलं. 2018 मधे पॅरिसच्या बाताक्लाँ थिएटरमधले त्याचे शो रद्द झाले, तिथे 2015 च्या दहशतवादी हल्ल्यात 90 माणसं मारली गेलीत, त्यांच्या घरच्यांपैकी काहींना ते नको वाटलं तर मी कोण बोलणार. पण 17 ऑक्टोबर 1961 ला पॅरिस पोलिसांनी मोर्चातल्या अल्जेरियन लोकांना मारून सेन नदीत फेकलं, ते शेजारच्या पोराला माहीत झालं ते याच मेदीनच्या 2006 च्या गाण्यामुळे. शाळेत त्या धड्याला वेळच उरला नव्हता म्हणे.

तर मागणी एवढीच. पुढच्या वेळी खासदार गाण्यांची यादी घेऊन निघाले की ती गृहखात्याकडे नाहीतर न्यायमंत्र्यांकडे जायच्या आधी तुमच्या ऑफिसात मागवा, खासदारांना बसवा आणि गाणी पूर्ण वाजवा, अधलीमधली ओळ तोडून नाही. शब्द अडले तर आमच्या बिल्डिंगमधून पोरगा पाठवते.

आपली,
सँ-दनीतली एक मराठी बाई