अंतराळातील तहाचे घड्याळ

महोदय,
ताऱ्यांमधल्या यादवीत मध्यस्थी करणाऱ्या नायकाच्या कादंबऱ्या मराठीत लिहिल्या जाव्यात, पण त्यांत तह केवळ भाषणाने होऊ नये. खरी अडचण वेळेची असते. सूर्य सोडल्यास सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे प्रस्ताव आणि उत्तर मिळून साडेआठ वर्षे! पृथ्वीवरही १८१४च्या २४ डिसेंबरला ब्रिटन-अमेरिका युद्ध संपवणाऱ्या गेंटच्या तहावर सह्या झाल्या, आणि ती बातमी समुद्र ओलांडण्याआधीच ८ जानेवारीला न्यू ऑर्लिन्सला लढाई झाली. कोरियात १९५३ साली सह्या सकाळी १० वाजता आणि तोफा बंद रात्री १० वाजता, असे १२ तास मुद्दाम राखले होते.

कोरियात दोन्ही सैन्ये ठरवलेल्या सीमारेषेपासून दोन-दोन किलोमीटर मागे हटली. आपल्या खान्देशात बांधाचा वाद मिटला की खुणेचा दगड रोवतात. कक्षेत तो रोवणार कुठे? पृथ्वीच्या खालच्या कक्षेतले यान सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर जाते, दोन किलोमीटरचा पट्टा पाव सेकंदात पार. शिवाय इंजिन बंद केले तरी यान थांबत नाही, ते हल्ल्याच्या मार्गावर तसेच पुढे सरकते. वेग मारायला उलट दिशेने इंधन जाळावे लागते. ते उरले नसेल तर ‘थांबा’ हा हुकूम पाळणार कसा? म्हणून मध्यस्थाने तोफांआधी टाक्या मोजाव्यात. डागून झालेल्या क्षेपणास्त्रांचे कलम तर बहुतेक लेखक विसरतातच.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)