इअरफोनचं खोकं नका वाचून दाखवू, वायर बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत हजार-दीड हजारातल्या इअरफोनबद्दल जे छापून येतं ते वाचून वाटतं की लिहिणाऱ्यानं खोकं वाचलंय, कानात काही घातलेलं नाही. 10 एमएम ड्रायव्हर (म्हणजे आतला चिमुकला स्पीकर), 20 ते 20,000 हर्ट्झ, एक्स्ट्रा बेस! अहो, 20 ते 20,000 ही माणसाच्या कानाचीच रेंज, ती जवळपास सगळ्याच खोक्यांवर असते, त्यातलं काय उठून वाजतं आणि काय दबतं ते कोण सांगणार? ड्रायव्हर मोठा म्हणजे आवाज भारी असंही काही नाही, ट्यूनिंग कसं केलंय त्यावर सगळं.

सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजी टाकून बसणाऱ्या पुण्यात टेस्ट सोपी आहे, विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं शास्त्रीय गाणं, लावायचा. बेसवाल्या पीसमध्ये डग्गा नुसता घुमत राहतो, तंबोरा त्याखाली गडप, आणि गाणारा शेजारच्या खोलीत बसल्यासारखा वाटतो. बरा पीस असेल तर तबल्याच्या काठावरची चाट आणि डग्ग्याचा घुमारा वेगळे कळतात, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, तीसुद्धा ऐकू येते.

आणि बेसच नाही म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी कानात जाणाऱ्या रबरी टिप्स बदलून बघा, खोक्यात लहान-मोठ्या साइझच्या दिलेल्या असतात, रबर कानात नीट बसलं नाही तर बेस गळून जातो, त्यात कंपनीचा काय दोष.

खरी रड वायरची. ती मरते जॅकपाशी नाहीतर जिथे एकीच्या दोन होतात तिथे. त्या जागी मऊ रबरी बाही आहे का, वाकवल्यावर ती वाकते का की ताठ राहून वायरीलाच मोड पडतो, हे दुकानात हातात घेऊन अर्ध्या मिनिटात कळतं. माझा आधीचा पीस वॉरंटीत असताना एका कानानं बंद पडला तर दुकानदार म्हणाला, वायर तुटली म्हणजे फिजिकल डॅमेज, विषय संपला. तेव्हापासून मी सुटी होणारी वायरच घेतो, 0.78 एमएमची टू-पिन (दोन बारीक पिनांनी इअरफोनला लागते ती), या बजेटमध्येही मिळते, आणि तुटली की नुसती वायर बदलायची.

तर लेखकाला सांगा, पुढच्या वेळी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन दोन-चार पीस हाताळा, वायर सुटी होते का, वॉरंटीत वायर धरतात का, एवढं तरी छापा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे