बॅग शिवून न देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मी ती हिरव्या बॅगवाली. साखळीची कडी उसवली म्हणून तुमच्याकडे आले होते आणि तुम्ही बॅग हातात घेताच विचारलंत, "ह्यात काय दगड भरलेत का?" तेव्हा राग आला होता. आज त्याच प्रश्नाचे आभार मानायला बसले आहे.

रोज वापरायला एक धड बॅग हवी, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यापायी दोन वर्षांत चार घेतल्या. पहिलीचं तोंड इतकं अरुंद की वही आत जाईना. दुसरीचं अस्तर काळंभोर, त्यामुळे किल्ली शोधायची म्हणजे विहिरीत गळ टाकायचा. तिसरी कपाटात ठेवल्या जागी सोलून निघाली. चौथी ही हिरवी. १९५५ च्या फेब्रुवारीत फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलनं खांद्याला अडकवायची साखळीवाली बॅग आणली आणि बायकांचे हात मोकळे झाले, हे मी तुम्हाला ऐटीत ऐकवलंही. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हात सुटले, खांदा अडकला."

मग तुम्ही मला सगळं बाहेर काढायला लावलंत. दोन छत्र्या, तीन चार्जर (एकच माझ्या फोनचा), भरलेली बाटली, कधीचीच संपलेली वही, बिलांचा गठ्ठा. घरी जाऊन वजन केलं: ४ किलो ३०० ग्रॅम. त्यात रिकामी बॅगच १ किलो १०० ग्रॅम! म्हणजे पाव ओझं तर मी नुसत्या साखळीचं आणि बकलांचं वाहत होते.

बॅग मात्र तुम्ही शिवून दिली नाहीत. हे रेक्झिन आहे, कापडावर चढवलेला लेप; जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पाडली की तिकिटासारखं त्याच रेषेवर फाटेल, म्हणालात. सोललेल्या तिसरीचं कोडंही तिथेच सुटलं. हवेतला दमटपणा असल्या लेपाला हळूहळू खातो, मग बॅग वापरली काय नि जपून ठेवली काय. आणि मी वेडी तिला जपत होते! "अस्सल चामडं" असा नुसता छाप बघून भुलू नका, हेही तुम्हीच सांगितलंत, कारण कातड्याचा वरचा मजबूत थर काढून घेतल्यावर खाली उरलेल्या थरावरही तो छाप बसतो.

एरवी दुकानात मी बॅग खांद्याला लावून आरशात बघायची. आता आधी पट्ट्याचं मूळ बघते. तिथे चौकट आणि आत फुली अशी शिलाई आहे का, कडीचं तोंड झाळलेलं आहे की नुसतं वाकवलेलं, चेन कोपऱ्यावर अडखळते का. विक्रेत्यांना मी नकोशी झाले असणार. दोन दुकानांत तर माझं सामान बॅगेत भरून, ती अडकवून फेऱ्या मारल्या.

शेवटी मिळाली. जाड कॅनव्हासची, रिकामी अर्ध्या किलोच्या आत, अस्तर फिकट, पट्टा रुंद आणि आडवा घालता येईल इतका लांब. तुम्ही काळी किंवा तपकिरी घ्या म्हणाला होतात, मळ दिसत नाही म्हणून. तेवढं ऐकलं नाही. पिवळी घेतली, आणि हो, मळते.

दुसऱ्या छत्रीला घरी बसवलं आहे. बाटली अजून सोबत असते, तिच्यावरून वाद घालू नका.

आणखी एक. दात शाबूत असून चेन उघडी राहत असेल तर बहुतेक वेळा रनर सैल झालेला असतो, हे तुमचं वाक्य लक्षात ठेवून पहिल्या बॅगेचा रनर मी स्वतः बदलला. जरा तिरका बसलाय. दाखवायला आणेन तेव्हा हसू नका.

तुमची,
हिरव्या बॅगवाली